मण्यांची बासरी

झांगेने बासरी ओठांना लावली, होता नव्हता तेवढा जोर काढून फुंकलं, आणि हूं नाही की चूं नाही.

समोर राजा बसलेला. भोवती अख्खा गाव. आज झांगेला बापाची मानकरीपणाची गादी मिळाली होती आणि गादीबरोबर मानाची बासरी. कोरीव लाकडाची, निळ्या-पांढऱ्या मण्यांनी मढवलेली. ती राजवाड्यातून बाहेर निघते ती याच दिवशी, त्यामुळे त्याच्या हातात ती पडली होती आत्ताच. सूर चुकला तर लोक म्हणणार, बापाने भलताच पोरगा निवडला. याच धास्तीने तो सगळा पावसाळा वाळक्या भोपळ्यात ताडी भरून घेऊन रोज म्हाताऱ्या सोन्केंगकडे शिकायला गेला होता. सोन्केंगचा जन्म राजाकडे बांबूची बासरी वाजवण्यात गेलेला. घरी सराव सुरू झाला की झांगेची बायको ओदिल म्हणायची, "पुरे करा आता, कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलंय."

झांगेने जिभेने चाचपून पाहिलं. भोकच नव्हतं. आत नुसतं भरीव लाकूड. त्याने घाबरून शेजारी पाहिलं. बाकीचे मानकरी आपापल्या मण्यांच्या बासऱ्या धरून, गाल फुगवून उभे होते. सूर येत होते ते मागच्या कुडाआडून, बांबूच्या साध्या बासऱ्यांचे. शेजारच्या मानकऱ्याने हळूच डोळा मारला. मग झांगेनेही गाल फुगवले. राजाने मान डोलावली आणि झांगेचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी तो तडक सोन्केंगच्या दारात.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या कुडामागे बसून म्हातारा झालो मी. ठाऊक नसायला काय झालं?"

"मग मला शिकवलंत कशाला?"

सोन्केंग जमिनीकडे बघत हसला. "ताडी आणत होतास की. म्हातारी गेल्यापासून या ओसरीवर दुसरं कोण येऊन बसतं, सांग."

झांगे भांडायच्या तयारीने आला होता. त्याला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तसा त्याने भोपळा भरला.

"आता कुठे निघालात?" ओदिल म्हणाली. "काल तर गाव नुसतं वाहवा करत होतं, किती सुरेख वाजवलंत."

"कुठलं काय," झांगे म्हणाला. "खालचा सूर अजून कच्चाच आहे."