टोकाची बाई

चित्र भिंतीवरून उतरवायला दोन हमाल होते आणि सूचना द्यायला पाच जण. "सावकाश, सावकाश! देशाची ठेव आहे ती," असं प्रत्येक जण दुसऱ्याला बजावत होता. पहारेकऱ्यानं दोरी बांधून लोकांना मागं सारलं होतं. लोक म्हणजे कोण, तर एक म्हातारी. आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी संग्रहालयात दुसरं असणार तरी कोण!

चित्र कापणीचं. पिवळ्या रानात ओणवलेल्या बायकांची लांबच लांब ओळ, अंगावर ऊन सांडलेलं. जवळ गेलं की नुसते रंगांचे फटकारे, मागं सरकलं की बायका. शाळेच्या पुस्तकात हेच चित्र, नोटेवर मुंगीएवढ्या बायका करून हेच. आपला देश म्हणजे काय, असं कुणी विचारलं की या बायकांकडे बोट दाखवायचं, अशी रीतच पडून गेली होती. आता ते राष्ट्रपतींच्या निवासात जाणार होतं, परदेशी पाहुण्यांच्या जेवणाच्या दालनात. तिथं तुम्हीआम्ही कशाला जातोय!

पहारेकऱ्यानं ही बातमी सांगितल्यापासून म्हातारीला घास गोड लागत नव्हता. आज ती दोरीखालून वाकून सरळ संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, हे नका ना नेऊ. माझी आई आहे यात."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "आजी, ती आपल्या सगळ्यांचीच आई आहे."

"तसं नाही हो. माझी सख्खी. ही बघा, उजव्या टोकाची. डावखुरी होती ती. शेजारणीच्या विळ्याला विळा लागू नये म्हणून तिला टोकाला उभं करायचे, मध्ये जागा सोडून. चित्रकार आला तेव्हा मी बांधावर खेळत होते. आमच्याकडे तिचा एक फोटो नाही, साहेब."

"अहो, दर आठवड्याला कुणी ना कुणी येऊन हेच सांगतं. परवा एक मंत्री म्हणाले, मधली माझी आजी. आता कुणाकुणाला नाही म्हणायचं? मोठं चित्र असंच असतं, ज्याला त्याला आपलं वाटतं." आणि ते हमालांवर ओरडले, "अरे, कोपरा! कोपरा सांभाळ!"

म्हातारी तरी पुरावा काय देणार, कपाळ! टोकाच्या बाईला चेहरा म्हणून होता तो तपकिरी रंगाचा एक ठिपका. सुनेला एकदा हौसेनं दाखवायला आणलं, तर ती म्हणाली, "आई, नाक तरी आहे का हिला?" तेव्हापासून म्हातारी एकटीच यायची. समोरच्या बाकावर बसायची आणि मनातल्या मनात आईला आठवडाभराचं सगळं सांगायची. गुडघा कसा धरतो, नातू फोन उचलत नाही, सून दार लोटून घेते. घर माणसांनी भरलेलं होतं, पण तिचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. ओळीतल्या बाकीच्या बायकाही एकमेकींत गुंतलेल्या, आई तेवढी बाजूला, गप्प. त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

चित्रावर कापड चढलं, कापडावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पट्ट्या. हमालांनी उचललं. म्हातारी मागोमाग दारापर्यंत गेली. दाराला कोपरा घासला तेव्हा "आई गं!" असा आवाज आला. तो म्हातारीचा होता. गाडी निघून गेली तरी ती पायरीवर उभीच होती.

"मावशी, अशा काय उभ्या? आत चला," पहारेकरी म्हणाला. दर आठवड्याला पाहून पाहून त्याला तिची माया लागली होती. "जागा रिकामी नाही ठेवणार. कॉपी छापून आलीय. हुबेहूब! रंग तर मूळ चित्रापेक्षा झकास."

"खरंच?"

"खोटं सांगतो का? या, या. आता कायम इथंच राहणार ती. आयुष्यभर बघा."

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिनं चष्मा पुसला आणि लगबगीनं बाकापाशी आली.

नवी चौकट लागली होती. रान पिवळंधमक. म्हातारी डावीकडून एकेका बाईवरून नजर फिरवत निघाली. लाल फडक्याची, पोटुशी, ती जाडी, तिच्याशेजारची उंच... आणि चौकट. छापणाऱ्यानं डोकं चालवलं होतं. चित्र लांब, तयार चौकट बेताची. मग त्यानं उजवीकडची मोकळी जागा कापून टाकली होती, आणि मोकळ्या जागेपलीकडे जे होतं तेही.

"कशी वाटली?" पहारेकऱ्याच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं.

"छान आहे हो," म्हातारी म्हणाली.

मग ती हळूहळू उजवीकडे सरकली. चौकट ओलांडून आणखी थोडी पुढं गेली, आणि कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून बघत राहिली.

"मावशी," पहारेकरी हसून म्हणाला, "चित्र इकडे आहे."