ळ बाळाचा

"अरे, पुन्हा केस!" सुषमाबाईंनी नमुना टेबलावर आपटला.

बालवाडीत शिकवत असताना त्यांनी हाताने रंगवलेला मुळाक्षरांचा तक्ता मुलाने, धर्मेशने, टी-शर्टांवर छापायला घेतला होता. जुन्या चित्रांना सध्या भारी डिमांड आहे म्हणे. कमळ, खटारा, गाय, सगळं जसंच्या तसं उतरलं. घोडं अडलं ते 'ळ'पाशी. तिथलं बाळ डाग पडून पुसट झालेलं, म्हणून उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमधल्या कारखान्यातला हिंदीभाषी डिझायनर धर्मेशला विचारून नवं चित्र काढत होता, आणि दरवेळी लांबसडक केसांची बाई पाठवत होता.

"काय सांगतोस तरी काय त्याला?"

"बाल. अजून काय सांगू?"

"बाल नाही रे, बाळ! जीभ वळव जरा."

"बाल."

सुषमाबाईंनी कपाळावर हात मारला. अख्ख्या उल्हासनगरच्या पोरांच्या जिभा वळवल्या, आणि घरचीच राहिली.

"जाऊ दे ना, आई," धर्मेश वैतागला. "केसवाला पीस पण मस्त दिसतोय. ते बाल कोणाचं होतं, कोण विचारतंय?"

"तुझंच. तुला पाळण्यात समोर ठेवून काढलंय ते."

धर्मेश तक्त्यावर वाकला. त्या पुसट चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने डिझायनरला फोन लावला.

"सुन, मेरे को बाल ही चाहिए. एकदम प्यार से बना."

संध्याकाळी नवा नमुना आला. या वेळी केसांत गजराही होता.