सत्तेचाळिसावी ओळ

सत्तेचाळिसाव्या ओळीवर स्क्रिप्ट पुन्हा थांबली आणि निवृत्त मास्तर कुरियन सारांचा जीव भांड्यात पडला.

"तोच एरर," ते फोनमध्ये म्हणाले. "फोल्डर सापडत नाही म्हणतोय."

"कमाल आहे," ओस्लोहून त्यांची लेक जिन्सी म्हणाली. सारांचा स्क्रीन तिला तिथे दिसत होता. "माझ्याकडे तर चालली. तुम्ही काही बदललंत का, अप्पच्चन?"

"मी? मी कशाला हात लावू!"

हात लावला होता. केरळातल्या पाला गावच्या वाचनालयाचे चार म्हातारे संगणक पुन्हा चालते करायचे, म्हणून मल्याळम अक्षरांसकट एक ऑपरेटिंग सिस्टीमची इमेज, म्हणजे संगणकांवर जशीच्या तशी चढवायची तयार प्रत, बनवायची होती. ती बनवणारी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राने ओळीने पाळायच्या आज्ञा, जिन्सीने लिहून पाठवली. गुरुवारी ती सुरळीत चालली, इमेज झाली, चारही संगणकांवर चढलीसुद्धा. आणि आज चर्चहून आल्या आल्या सारांनी फोल्डर बनवणाऱ्या ओळीच्या तोंडाशी एक खूण टाकली. ती खूण असली की यंत्र ती ओळ वाचतच नाही. मग सत्तेचाळिसाव्या ओळीला फोल्डर कुठून मिळणार? छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, खोटं बोलला तरी पायरी-पायरीनेच बोलणार.

पण करणार काय? बिनकामाचा फोन या बापलेकीला कधी जमलाच नाही. "जेवलीस?" "हो." "थंडी आहे?" "आहे." "बरं, अम्मच्चीला देतो." संपलं. काम निघालं की मात्र तास तास. या महिन्यात पोर जेवढी बोलली तेवढी चार वर्षांत बोलली नव्हती. म्हणून तर गुरुवारी इमेज तयार झाली तरी सारांनी ते तिला कळवलं नाही.

"अजून त्या डब्यातच डोकं?" स्वयंपाकघरातून सारांची बायको एलियाम्मा ओरडली. "मुलीला नाश्ता तरी करू द्या!"

"काम चाललंय," सार म्हणाले.

"झालंच, अम्मच्ची," जिन्सी म्हणाली. "एवढं सुटलं की मी ठेवतेच. अप्पच्चन, वरचा बाण दाबा. मघाची आज्ञा परत येईल. मग एंटर."

सारांनी बाण दाबला. 'ठेवतेच' या शब्दातच मन अडकलं होतं, बाण तीन-चारदा दाबला गेला. एकेक दाबासरशी एकेक जुनी आज्ञा वर आली. आधी आजच्या, मग गुरुवारच्या. शेवटची होती ती तयार इमेज पेन ड्राइव्हवर उतरवण्याची. फाइलला सारांनी स्वतःच नाव दिलं होतं: 'वाचनालय-पूर्ण'.

"थांबा," जिन्सी म्हणाली. "हे काय?"

वर्गात कॉपी करताना सापडलेली पोरं बाकाकडे बघतात तसे सार कीबोर्डकडे बघत राहिले.

"अप्पच्चन, इमेज झालीय ही."

"हं."

"चालतेय?"

"चारही चालतायत. काल पोरं पेपर वाचत होती."

आता ती हसेल किंवा चिडेल, आणि काही झालं तरी फोन ठेवेल, असं सारांना वाटलं. या वयात ही शोभा. फोन आपणच आधी ठेवावा असंही एकदा मनात आलं, पण हात काही हलेना.

"असं करा," जिन्सी म्हणाली. "आधी ती खूण काढा."

"कुठली खूण?"

"अप्पच्चन!"

सारांनी खूण काढली.

"आता इथलं सगळं पुसा. उतरवून ठेवलेलंही. कोऱ्या फोल्डरात पहिल्यापासून बनवू."

"अगं मोळे, अगं पोरी, पण झालीय की ती!"

"झालीय हो. नीट झालीय का, ते कोण सांगणार? बघायला नको? सगळं नव्याने उतरवायचं म्हणजे तुमच्या नेटच्या लाइनवर तीन तास तरी लागतील."

"तीन तास," सार म्हणाले. "आणि तू काय करणार तोवर?"

"मी आहे ना इथे."

सारांनी चष्मा काढून नेसलेल्या मुंडूच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, फोल्डर रिकामा केला आणि एंटर दाबलं. स्क्रिप्ट चालू झाली. एकेक पॅकेज उतरू लागलं.

"चौदाशे दहापैकी एक," त्यांनी वाचून दाखवलं.

"सावकाश होऊ दे," जिन्सी म्हणाली.