पहिला आटा

सायलेन्सर दीड आट्यावरच अडला.

वनखात्याच्या पशुवैद्य डॉक्टर कुणालीने मनगटाला जोर दिला. सायलेन्सरची नळी कुरकुरली, अजून थोडी फिरली आणि घट्ट बसली. निदान बसल्यासारखी दिसली. तिने बंदूक आडवी धरून डोळ्यांजवळ आणली. एका बाजूने नळी बंदुकीला चिकटली होती, दुसऱ्या बाजूने केसाएवढी फट होती. घाईत आटे वाकडे चढले होते.

कुडाच्या भिंतीपलीकडे बिबट्या होता. सिद्धगडाखालच्या या ठाकरवाडीत तो सकाळी कोंबडीमागे धावत रुपाच्या घरात शिरला होता आणि बाहेरचा गलका ऐकून कणगीच्या आडोशाला दबून बसला होता. रुपा तेव्हा विहिरीवर होती. तिची तान्ही पोर मात्र घरातच राहिली. आढ्याला बांधलेल्या झोळीत. झोळी आणि बिबट्या यांच्यामध्ये फक्त चूल होती. पोर अजून झोपलेली होती.

बंदूक गोळीची नव्हती, भुलीचं इंजेक्शन मारायची होती. पण बंद घरात तिचाही बार फटाक्यासारखा वाजतो. पोर दचकून रडली असती, बिबट्या उसळला असता, आणि दाराच्या वाटेवर त्याला पहिली झोळीच आडवी आली असती. म्हणून सायलेन्सर हवा होता. आणि तो वाकडा असेल, तर सुई आतून घासून भलतीकडे जाणार होती. चुलीत. कणगीत. नाहीतर झोळीत.

"बसलं ना, मॅडम?" वनपाल वाल्मिक तिच्या कानाशी पुटपुटला. "मारा मग. लोक आता आवरत नाहीत."

आंब्याखाली सगळी वाडी काठ्या घेऊन उभी होती. रुपाचा नवरा जैतू कोयता घेऊन पुढे घुसत होता. दोघा वनरक्षकांनी त्याला कवेत धरलं होतं.

"वाकडं बसलंय," कुणाली म्हणाली.

"एवढ्याशा अंतरावर कशाला चुकतंय?"

तिलाही तेच खरं वाटून घ्यायचं होतं. चाप ओढला की संपलं. उलट नळी काढायला गेलं तर ती निघेल याचा भरवसा नव्हता, निघाली तर करकरणार होती, आणि तोवर पोर उठली तर पुढचं काहीच तिच्या हातात उरणार नव्हतं.

रुपा भिंतीला हात लावून उभी होती. तिची चोळी दुधाने भिजली होती.

कुणाली तिच्याजवळ सरकली. "पोर कधी उठंल गो?"

"उठंलच आता. भूक लागली असंल तिला."

कुणालीने तिला सगळं सरळ सांगून टाकलं. ही नळी नीट बसली नाही. अशीच मारली तर सुई कुठे जाईल सांगता येत नाही. नीट बसवायची तर वेळ जाईल.

रुपाने बंदुकीकडे पाहिलंच नाही. ती कुणालीच्या बोटांकडे पाहत होती.

"हात कापतान तुझं, बाय," ती म्हणाली. "आदी दम घे. मंग काढ नि नीट बसव."

"रुपे, येडी झालीस काय?" जैतू दबक्या आवाजात खेकसला.

"गप रे. मी थांबलेय ना? मंग तू बी थांब."

जैतूचा कोयता खाली आला.

कुणालीने एक खोल श्वास घेतला. नळीभोवती ओढणी गुंडाळली आणि उलटी पिळली. ओढणीतूनही ती एकदा करकरलीच. कुडाच्या फटीतून तिने पाहिलं. बिबट्याचा कान ताठ झाला, हनुवटी जमिनीवरून उचलली गेली. कुणाली तशीच थिजून राहिली. बऱ्याच वेळाने ती हनुवटी परत पंजांवर टेकली.

आट्यांत वाटेवरची तांबडी धूळ होती. तिने ती ओढणीच्या टोकाने पुसून काढली. मग नळी बंदुकीच्या तोंडाला सरळ टेकवली आणि आधी उलटीच फिरवली. आट्यात आटा पडल्याचं बोटांना कळलं, तेव्हा ती सुलटी फिरवायला लागली. दोन बोटं पुरली. नळी पार बुडापर्यंत सहज गेली. फट उरली नाही.

झोळी हलली. तिच्या कडेवरून एक इवलं पाऊल बाहेर आलं. आतून चुटूचुटू ओठ चोखल्याचा आवाज यायला लागला.

कुणालीने नळी कुडाच्या फटीत टेकवली आणि चाप ओढला.

कुणी ओलं लुगडं झटकावं, एवढाच आवाज झाला. बिबट्याच्या मांडीवर सुईच्या शेपटीचा लाल गोंडा उभा राहिला. तो उसळून उठला, गरकन वळला, त्या गोंड्याला चावायला बघू लागला. कुठून काय आलं ते त्याला कळलंच नाही. मग तो चूल ओलांडून निघाला आणि थेट झोळीखालून गेला. त्याची पाठ झोळीला घासली. झोळी हेलकावे खाऊ लागली.

रुपाने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

झोळी सावकाश झुलत राहिली. बाहेर आलेलं पाऊल हळूहळू सैल पडलं. पोर पुन्हा झोपली होती.

बिबट्या बाहेरून ओढून घेतलेल्या दाराशी जाऊन बसला. त्याची मान लवली, सावरली, पुन्हा लवली. शेवटी त्याने डोकं उंबऱ्यावर टाकलं. कुणालीने काठीने ढोसून खात्री केली, तेव्हा कुठे वाल्मिकच्या माणसांनी त्याला जाळीत घेऊन उचललं.

रुपा आत धावली. तिने पोरीला झोळीतून काढून छातीशी धरताच पोर जागी झाली आणि भुकेने टाहो फोडला. इतका वेळ जिथे कुणी साधं खोकलंही नव्हतं, ती सगळी वाडी तिने डोक्यावर घेतली.

रुपा तिला पाजायचं विसरून नुसती ऐकत उभी राहिली.