झोपाळ्याची फळी
मांडवीच्या खाडीकाठी जुसबचं गलबत दोन वर्षं अर्धवट उभं होतं. “मनासारखा साग मिळत नाही,” असं मी, त्याचा मिस्त्री, सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे गलबताच्या सांगाड्याची एक फासळी मी वाकडी बसवली होती आणि ती काढली असती तर माझं चाळीस वर्षांचं नाव गेलं असतं. आज जुसबची आई, हवामा, हातगाडीवरून घरच्या झोपाळ्याची सागवानी फळी घेऊन आली. “घे, मिस्त्री. बसून बसून गुळगुळीत झालीय, रंधासुद्धा मारायला नको.” फळीच्या चारही कोपऱ्यांत कड्यांची भोकं होती. माझी मान वर होईना. “हवामा, लाकडाचं निमित्त होतं. फासळी माझ्याच हातून चुकलीय.” म्हातारीने फळी गाडीवरून ओढून वाळूत टाकली आणि तिच्यावर बसली. “झोपाळा उतरवायच्या आधी बोलायचं होतंस,” ती म्हणाली. “आता उपट ती फासळी. निघेपर्यंत मी इथेच बसते.”