भावंडांचं एकच औषध

डॉक्टर देवस्थळींनी दोघांच्याही कागदावर एकच इंजेक्शन लिहिलं, तेव्हा सुलभाताईंना वाटलं, बाईंची काहीतरी गफलत झाली.

"अहो, संधिवात मला आहे. हा माझा धाकटा भाऊ, मुकुंद. तुम्ही भावंडांचं रक्त तपासायला मागितलंत, म्हणून ह्याला आणलं होतं."

"गफलत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उलटलंय. ते ज्या जनुकांमुळे झालं, तीच ह्यांच्यातही सापडली. ह्यांचे सांधे बचावले, पण झळ मनाला बसली. रक्त घेताना ह्यांच्याशी बोलले, तेव्हा मला नैराश्य दिसलं; ते त्यातूनच आलंय. आता दोन्हींवर हे एकच औषध चालतं."

सुलभाताईंनी मुकुंदकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी मुकुंदने शाळेतली नोकरी सोडून अंथरूण धरलं, तेव्हा त्याला आळशी म्हणणाऱ्या पहिल्या त्याच होत्या. त्यांची बोटं सुजली की सगळं घर धावून येई. ह्याच्या वाट्याला मात्र टोमणेच आले.

"मला वाटायचं, मीच नालायक आहे," मुकुंद खाली बघत म्हणाला.

"नाही रे. आजारी होतास. मला कळलं नाही, चुकलं माझं," म्हणत त्यांनी सुजल्या हाताने त्याचा हात धरला.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मुकुंद इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात आला.

"ताई, शाळेत विचारून येतो. जागा रिकामी आहे म्हणे."

"मी येऊ सोबत?"

"नको. डबा दे फक्त. भूक लागेल मला."

भूक लागेल, असं तो दोन वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता. सुलभाताईंनी सूज उतरलेल्या हातांनी घाईघाईने कणीक मळायला घेतली.