सोनेरी थेंब

केतकीनं वधूवरांच्या नावांचा ठसा चिकट शाईच्या पॅडवर टेकवला आणि लग्नपत्रिकेवर दाबला. शाईला रंग नव्हता, त्यामुळे कागद कोराच दिसत होता. 'मला हे लग्न नको' असं बाबांना सांगून सांगून ती थकली होती. त्यांनी उत्तरादाखल पत्रिकांचा कागदच आणून पुढ्यात टाकला होता. "गावभर हौसेनं कार्डं करून देतेस, आता स्वतःच्या लग्नाचीही कर."

शेजारी आई मान खाली घालून कागदांच्या घड्या घालत होती. "स्थळ चांगलं आहे गं," एवढंच ती सकाळपासून म्हणत होती.

केतकीनं सोनेरी भुकटी भुरभुरून कागद झटकला. नावं लखलखीत उमटली. पण वरच्या कोपऱ्यात, जिथे तिनं शाई लावलीच नव्हती, तिथेही भुकटी चिकटून राहिली होती. टपोरे, गोल थेंब. कागद तिथे ओला होता.

तिनं आईकडे पाहिलं. आईनं घाईघाईनं डोळ्यांना पदर लावला. "पुसून टाक ना, बाई."

"आता पुसता येईल. एकदा तापवलं की नाही निघायचं."

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी पत्रिका उचलून उजेडात धरली. "वा! हे थेंब काय झकास दिसतायत! पक्के कर. सगळ्या पत्रिकांवर असेच हवेत."

केतकीनं गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन सुरू केली. भुकटी वितळून चकाकली.

आईनं डोळे न पुसताच पुढचा कागद ओढला आणि त्यावर वाकली.